मावशीने मान वळवली

"हेडफोन लावून खेळू नकोस, वहिनी," कन्सोलच्या वायरी टीव्हीला जोडता जोडता दीर म्हणाला होता. "घरात लहान मूल आहे."

"म्हणून तर लावायचे ना, भाऊजी!" तिने हसून उडवून लावलं. "नाहीतर तुमच्या त्या राक्षसांच्या डरकाळ्यांनी तुमची पुतणीच आधी उठेल."

दीर व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत चुका शोधायच्या कामावर होता. नव्या गेमचा डेमो तयार झाला होता, आणि जन्मात कधी कंट्रोलर हातात न धरलेल्या माणसांना तो कसा वाटतो, हे कंपनीला जाणून घ्यायचं होतं. पाच दिवस खेळायचं आणि शेवटी 'पहिलं मत' नावाचा फॉर्म भरायचा. ती लगेच हो म्हणाली. मुलगी झाल्यापासूनच्या सात महिन्यांत, डायपरचं माप सोडलं तर, कशावरही तिचं मत कुणी विचारलं नव्हतं.

साडेदहाला मुलगी आतल्या खोलीत झोपायची. त्या खोलीचं दार टीव्हीच्या डाव्या अंगाला. ते लोटून घ्यायचं, हेडफोन चढवायचे आणि बेबी मॉनिटर समोरच्या टेबलावर ठेवायचा. आत जरा खुट्ट झालं की त्यावर हिरवे दिवे चढत जायचे. मॉनिटर चालू असल्याचा एक लाल ठिपकाही होता, पण तो रात्री डोळ्यांत खुपायचा, म्हणून तिने पहिल्याच आठवड्यात त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. हिरवे दिवे नाहीत म्हणजे बाळ शांत. एवढं पुरेसं होतं.

गेमही तसा सरळ होता. धुक्याने भरलेली दरी, हातात स्वतःच्या उंचीची तलवार, आणि वीस मिनिटांत एक अजस्र जनावर मारायचं. पहिल्या दिवशी जनावर राहिलं बाजूला, ती एका खडकाला नाक लावून जागच्या जागी धावत राहिली. तलवार उपसायला गेली तर औषध प्यायली, औषध प्यायला गेली तर कड्यावरून खाली. तिसऱ्यांदा मेली तेव्हा तिला इतकं हसू फुटलं की तोंडात कोंबायला पदर नाही म्हणून तिने उशी कोंबली. किती महिन्यांनी हसले, असं तिच्या मनात आलं.

जनावराच्या पाठीवर शेवाळ होतं. एक शिंग मोडलेलं, पोटाची कातडी सैल लोंबणारी. लग्नघरात रुसून बसलेल्या थोरल्या मावशीसारखं ते दिसायचं, म्हणून तिने त्याचं नाव मावशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मावशी अंगावर धावून येता येता मध्येच थांबली. तिने मान डावीकडे वळवली, जरा वेळ तिकडे बघितलं आणि पुन्हा धावून आली. मिनिटभराने मॉनिटरवर हिरवे दिवे चढले. मुलगी उठली होती.

तिसऱ्या दिवशीही तेच. मग तिने दुधाच्या वेळा लिहायच्या वहीत नोंद सुरू केली. अकरा बेचाळीसला मावशीने मान वळवली, अकरा त्रेचाळीसला मुलगी रडली. चौथ्या दिवशी मुलगी चारदा चुळबुळली. चारही वेळा मावशी आधी, दिवे नंतर.

नवऱ्याने वही बघितली. "तुझी झोप होत नाहीये," तो मायेने म्हणाला आणि संध्याकाळी मुलीला फिरवून आणलं.

तिने दिराला फोन केला. "भाऊजी, ती मावशी डावीकडे काय बघते हो?"

"वहिनी, ते जनावर मारायचंय. पाहुणचाराला नाही बोलावलेलं."

"मारीन हो. पण ती मान वळवून काय बघते?"

"मान नाही वळत त्याची. वळलं तर अख्खं अंगच वळतं. मानेची हालचाल अजून बनवलेलीच नाही."

"मग मला दिसते ती?"

"तू... हेडफोन नको लावूस, वहिनी."

पाचव्या दिवशीही तिने हेडफोन लावले. दार पातळ होतं, आणि मुलीला नुकतीच झोप लागली होती.

आता ती तलवार उपसतच नसे. दरीत एका दगडाशी बसून राहायची, आणि मावशीही समोर अंग टाकून द्यायची. दोघी थकलेल्या, दोघी कान टवकारून. मावशीच्या श्वासाचा आवाज कानांत हलके घुमत होता. कित्येक दिवसांत एवढं निवांत वाटलं नव्हतं.

मावशी उठली.

तिने मान डावीकडे वळवली, आणि या वेळी परत फिरवलीच नाही.

इकडे तिने मॉनिटरकडे बघितलं. दिवे नव्हते. बाळ शांत.

मावशी पुढे आली. इतकी पुढे की पडदाभर फक्त तिचा डोळा उरला. मग तिने डोकं खाली घातलं आणि कपाळ जमिनीवर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. पुन्हा.

तिने मॉनिटर उचलला. नखाने काळी पट्टी खरवडली.

खाली लाल ठिपका नव्हता. मॉनिटर कधीचा बंद पडला होता.

हेडफोन ओढून फेकत ती आत धावली. दुपट्याचं टोक मुलीच्या तोंडावरून मानेभोवती गुंडाळलं गेलं होतं, आणि दोन्ही मुठी त्यात अडकल्या होत्या. चेहऱ्याचा रंग तिला पुढे कधी आठवावासा वाटला नाही. तिने दुपटं सोडवलं, मुलीला उचललं, पाठ चोळली, जोराजोरात हाका मारल्या. एक उचकी आली. मग रडणं. त्या रडण्याइतकं गोड तिने काही ऐकलं नव्हतं.

मुलीला खांद्यावर घेऊन ती बाहेर आली तेव्हा मावशी जमिनीवर हनुवटी टेकून तिच्याकडेच बघत होती. मुलीने हात पुढे केला. वीस मिनिटं संपली. पडद्यावर अक्षरं आली: शिकार फसली.

"थँक्यू, मावशी," ती म्हणाली. तेवढ्यात पडदा काळा झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दीर कन्सोल घेऊन गेला. सगळं ऐकून तो पुतणीला बराच वेळ छातीशी धरून बसला.

त्याला आता तीन दिवस झाले. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनाही महिन्याचं बाळ आहे. काल मुलगी खेळता खेळता थांबली, मान वर करून छताकडे बघत राहिली. मिनिटभराने वरचं बाळ रडलं. आज सकाळी दोनदा.

आत्ता मुलगी मांडीवर आहे आणि ती फॉर्म भरते आहे. हालचाल सोपी वाटली का? नाही. जनावर भीतिदायक वाटलं का? नाही. शेवटचा रकाना: आणखी काही सांगायचं आहे का?

तिने पेन टेकवलं आणि मुलीने मान वळवली. छताकडे नाही. दाराकडेही नाही. त्या कागदाकडे.

मग मुलीने डोकं खाली घातलं आणि कागदावर कपाळ आपटलं. एकदा. पुन्हा एकदा.

तिने एका हाताने ते कपाळ झाकलं आणि दुसऱ्या हाताने, जमेल तितक्या भराभर, लिहिलं:

हे जे कोणी वाचत असेल, तुमचं घर कुठे आहे ते मला माहीत नाही. शेजारच्या खोलीत कोणी झोपलेलं असेल, तर हे इथेच ठेवा आणि उठा. आवाज येत नाहीये म्हणून थांबू नका. आधी बघून या.