ज्या हातानं आली, त्याच हातात

आमच्या ऑफिसच्या फिरत्या काचेच्या दारात एक भलीमोठी काळी पेटी अडकली आणि तिच्यामागच्या खणात अडकले मी. पेटी आणणारा पुढच्या खणात. त्याला पुढे जाता येईना, मला मागे.

"काय आहे त्यात? माणूस?" मी काचेतून विचारलं.

"चेलो. व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणा. म्हातारा आहे, ढकलू नका हं."

"मला उशीर होतोय."

"मग दोष माझ्यावर ढकला... दार नको."

वॉचमन येईपर्यंत आम्ही तसेच उभे होतो. बाहेर भुरभुर पाऊस होता, त्याच्या केसांवर थेंब होते, आणि माझं लक्ष घड्याळाकडे असायला हवं होतं. ते नव्हतं. तारांची वाद्यं दुरुस्त करायचं त्याचं दुकान मागच्या गल्लीतच निघालं. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा चेलो तो पोचवायला आला होता.

सुटका झाली तेव्हा माझ्या छत्रीची लाकडी मूठ मोडलेली होती.

"उद्या संध्याकाळी न्या," तो छत्री काढून घेत म्हणाला.

उद्या संध्याकाळी सरस वाळला नव्हता. परवाही नाही. पुढच्या आठवड्यात तर म्हणे पॉलिशचा दुसरा हात राहिला होता.

"एका मुठीला इतके दिवस?"

"चांगलं काम घाईनं होत नाही," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला आणि माझ्यासाठी स्टूल पुसायला लागला.

थाप होती हे मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यालाही. भुशाच्या आणि पॉलिशच्या वासात बसून मी कॉफी प्यायचे, तो तार पिळून कान लावायचा. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही आठवत नाही.

घरी वहिनी म्हणाली, "छत्री बांधायला दिलीयस की बंगला?" एकदा तर ती स्वतःच आणायला गेली आणि हात हलवत परत आली. "दिली नाही गं त्यानं. म्हणे, वस्तू ज्या हातानं आली त्याच हातात जाईल."

मी त्याला जाब विचारला.

"दुकानाचा नियमच आहे," तो म्हणाला. "एका बाईंचं व्हायोलिन मी त्यांच्या सख्ख्या भावाच्या हाती दिलं. त्यानं ते परस्पर विकलं. तेव्हापासून आणणाऱ्याच्याच हातात. राजा आला तरी."

"हट्टीच आहेस."

"आहे. आणि तू? दिवसभर करतेस काय?"

"चोरांचे पैसे शोधते."

खरंच तेच करते. आमच्या कंपनीत लोक क्रिप्टोची, म्हणजे डिजिटल नाण्यांची, खरेदी-विक्री करतात. त्या गर्दीत चोरही घुसतात. लुबाडलेल्या पैशाचे तुकडे करायचे, ते या खात्यातून त्या खात्यात फिरवायचे, आणि शेवटी कुणा सज्जनाच्या हातून स्वच्छ करून बाहेर काढायचे. मी त्या तुकड्यांच्या मागावर असते. तेव्हा मी एका निवृत्त गुरुजींचा पैसा शोधत होते. बँकेचा साहेब असल्याची बतावणी करून कोणीतरी त्यांची जन्माची पुंजी फोनवरून काढून घेतली होती. गुरुजी अधूनमधून फोन करायचे. आधी माझी तब्येत विचारायचे, मग हळूच म्हणायचे, "काही कळलं का, बाळ?"

एका सकाळी त्या पैशाचा मोठा तुकडा दिसला. मी श्वास रोखून त्याच्या मागे गेले. एक खातं, दुसरं, तिसरं... आणि शेवटच्या खात्यापुढे मागच्या गल्लीतला पत्ता. वाद्यदुरुस्तीचं दुकान.

फोन समोर होता. एकदा विचारलं असतं तर त्यानं सगळं सांगितलं असतं. पण चोरही असंच सगळं सांगतात, आणि गुरुजींचा आवाज कानातून जाईना. मी उठले आणि आमच्या विभागप्रमुख मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"या माणसाला मी ओळखते," मी म्हणाले.

"किती?"

"माझी... माझी छत्री त्याच्याकडे आहे."

मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "प्रकरण आता माझ्याकडे. खातं गोठवतेय. तू त्याला भेटायचं नाहीस, फोन घ्यायचा नाहीस, कारण सांगायचं नाहीस. दोषी असेल तर तो सावध होईल."

"आणि नसेल तर?"

"तरीही चौकशीबद्दल अवाक्षर नाही. आज नाही, नंतर कधीही नाही. कायदाच तसा आहे."

त्या संध्याकाळी त्याचा निरोप आला. 'छत्री वाळली.' मी फोन पालथा घातला. मग आला, 'माझं काही चुकलं का?' त्यानंतर काहीच नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी ऑफिसला जायची वाट बदलली, घरी जेवताना नुसती चिवडत बसायचे.

"भांडलात?" वहिनीनं विचारलं.

"नाही."

"मग?"

"सांगता येत नाही, वहिनी."

ती नेहमीसारखी चिडवेल असं वाटलं होतं. तिनं नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मला रडू आलं. मला तो हवा होता. तो चोर निघाला तरी हवा असेल की काय, याचीच भीती वाटत होती.

मग एका दुपारी मॅडमनी बोलावलं.

"बस. सुटला तुझा छत्रीवाला."

मी बसले नाही, खुर्चीत पडले.

"लांबच्या एका गिऱ्हाइकानं त्याच्या दुकानातला जुना चेलो मागितला, त्याला आपल्याकडे खातं उघडायला लावलं आणि किमतीच्या कितीतरी पट पैसे डिजिटल नाण्यांत पाठवले. मग लगेच निरोप, चुकून जास्त आले, उरलेले या दुसऱ्या खात्यावर परत करा. बहुतेक लोक भलेपणानं करतात, आणि चोरांचा पैसा धुतला जातो."

"यानं?"

"अडून बसला. पैसे ज्या हातानं आले त्याच हातात जातील, दुसऱ्या खात्यात एक पैही नाही. त्यांनी धमकावलं, तर यानं आपल्याकडेच तक्रार केली. ती ग्राहकांच्या तक्रारींच्या ढिगात कोणी उघडलीच नव्हती. गुरुजींचा तो पैसा जसाच्या तसा पडून आहे."

माझा जीव भांड्यात पडला. मी हसायला लागले, आणि हसता हसता डोळे पुसत बसले. राजा आला तरी, म्हणाला होता.

मी गुरुजींना फोन केला. पैसे सापडल्याचं सांगितलं. मग ते म्हणाले, "जेवलीस का, बाळ?"

संध्याकाळी मी मागच्या गल्लीत गेले. न विकलेला चेलो कोपऱ्यात उभा होता. शेजारी बसून तो तारा गुंडाळत होता. त्यानं मान वर केली, आणि खाली घातली.

"छत्री न्यायला आलीस?"

"हो... नाही. मी का आले नाही ते मला सांगता येणार नाही. पुढेही कधी नाही. तुला राग आला तर—"

"थांब," तो म्हणाला. "माझं खातं बंद झालं त्या दिवसापासून तुझा फोन बंद. आज सकाळी खातं उघडलं, आणि संध्याकाळी तू दारात. तारा जुळवणारा माणूस आहे मी, एवढं मला ऐकू येतं. हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस. मी विचारतच नाहीये."

मी ओठ घट्ट मिटून घेतले. तो हसला... किती दिवसांनी.

"तुझाही नियम, माझाही नियम. बरं जमेल आपलं," असं म्हणून त्यानं आतून छत्री आणली. मूठ नवीकोरी दिसत होती. ती माझ्या हातात देताना त्याची बोटं तिथेच राहिली. "आता एक वेगळं विचारतो. मला तू फार आवडतेस. तुला मी? की याचंही उत्तर देता येत नाही?"

"येतं," मी म्हणाले. "मला तू आवडतोस. पहिल्या दिवसापासून, त्या दारात अडकलो तेव्हापासून. आणि हे मी कोणालाही सांगू शकते. मॅडमना, वहिनीला, वॉचमनला."

बाहेर पाऊस थांबला होता. निघताना मी छत्री त्याच्या खुंटीवर परत अडकवली.

"विसरतेयस," तो म्हणाला.

"नाही. ठेवतेय. उद्या न्यायला येईन."