मळणीला आलेला डूगल्ड

लोर्नविलच्या माजी सैनिकांच्या हॉलमधला प्रिंटर एरवी दर दोन पानांना अडून बसायचा. त्या शनिवारी मात्र तो शहाण्यासारखा चालला होता, आणि विल्डा मॅक्रिमन अडुसष्टाव्या वर्षी करवलीसारखी त्याच्याभोवती नाचत होती. पहिल्या महायुद्धात गेलेला तिच्या आजोबांचा भाऊ डूगल्ड, त्याची लष्करी नोंद पानापानानं बाहेर येत होती. ती घरबसल्या कोणालाही बघता आली असती, पण मॅक्रिमनांच्या घरात कोणाची छाती झाली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं विल्डाचे वडील म्हणायचे. ते फेब्रुवारीत गेले आणि लेकीनं मूठ उघडायचं ठरवलं.

गावाचं म्हणणं शंभर वर्षांत तसूभरही बदललं नव्हतं. १९१८च्या ऑगस्टमध्ये डूगल्ड फ्रान्समध्ये लढाईत पडल्याची तार आली, आणि सप्टेंबरात तोच डूगल्ड टास्करांच्या मळणीवर राबताना लोकांनी पाहिला. म्हणजे एखाद्या मेलेल्या शिपायाच्या गळ्यात आपला ओळखीचा बिल्ला अडकवून हा पळाला, असं गावानं ठरवून टाकलं. सुगी संपल्यावर तो कोणाला दिसला नाही. चौकातल्या स्मारकावर त्याचं नाव कोरलं गेलं नाही, आणि विल्डाच्या वडिलांना शाळेत पोरं ‘पळपुट्याचा पुतण्या’ म्हणून चिडवत.

आता पाथरवट मंगळवारी यायचा होता. डूगल्डचं नाव कोरायला स्मारकाच्या समितीत एकाचीच आडकाठी होती, एक्क्याण्णव वर्षांच्या ऑर्व्हिल टास्करची. त्याच्या सहीशिवाय दगडाला छिन्नी लागणार नव्हती.

“आत्या, हे बघ!” भाची जनेल किंचाळलीच.

उंची, छाती, डाव्या भुवईवरचा व्रण, बुटांचा जोड, गालगुंडांमुळे दवाखान्यात काढलेले दिवस, असलं सगळं मागे टाकून एक हस्तलिखित कागद आला होता. ‘शिपाई मॅक्रिमन माझ्या शेजारी पडला. लहानपणापासून मी त्याला ओळखतो. मी स्वतः त्याला इथल्या पांढऱ्या खडूच्या मातीत पुरला.’ खाली सही होती, सिरिल टास्कर. हा ऑर्व्हिलचा सख्खा काका. पुढे दीड-दोन महिन्यांत तोही तिकडेच पडला, आणि त्याचं नाव स्मारकावर होतं.

विल्डानं टेबलावर मूठ आपटली. “टास्करांच्याच सहीनं! अगं, त्यांच्याच सहीनं! आता बघते म्हाताऱ्याकडे.”

“आत्या, पण मग मळणीला कोण आलं होतं?”

“असेल कोणी त्याच्या तोंडवळ्याचा. माझी गाडीची किल्ली कुठाय?”

दुपारचं ऊन कडक होतं. तीन आठवड्यांत पावसाचा थेंब नव्हता. दोन्ही बाजूंच्या शेतांत कापणीची यंत्रं घरघरत होती, रस्त्यावर भुसा उडत होता, आणि विल्डा गाडीत एकटीच मोठमोठ्यानं गात होती. वडील असते तर, असं मनात आलं आणि तिचे डोळे भरून आले.

टास्करांचं यंत्र मात्र शेडमध्ये उभं होतं. त्याच्या चाकांत हवासुद्धा नव्हती. तरी गहू कापलेला होता. पॉप्लरच्या रांगेपलीकडे गव्हाच्या पेंढ्या, ओंबीला ओंबी टेकवून, नजर जाईल तिथवर उभ्या करून ठेवल्या होत्या. असं रान विल्डानं फक्त आजोबांच्या काळच्या फोटोंत पाहिलं होतं. म्हाताऱ्याला जुन्याची हौस, असं ती म्हणाली खरी. पण ऑर्व्हिल इथं एकटाच राहत होता. गाडीतलं गाणं तेवढ्यात थांबलं होतं.

ऑर्व्हिल स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसला होता. समोर ढीग होता. ओव्हनमध्ये मांस भाजत होतं. खिडक्यांचे पडदे ओढलेले होते.

“या मॅक्रिमनबाई! निवडणुकीला उभ्या राहिलात की काय?”

“एवढं वाचा. मग दात काढा.”

त्यानं एकेका ओळीवर बोट ठेवत कागद वाचला. तो दचकला नाही. विल्डानं वाटेत घोटून ठेवलेले टोमणे तोंडातच राहिले.

“सिरिलकाकाचं अक्षर,” तो म्हणाला. “आहे खरं असं तिरकंच.”

“म्हणजे डूगल्ड पळाला नव्हता. कबूल?”

“पळाला नव्हता, हे आमच्या घरात तेव्हापासून ठाऊक आहे.”

विल्डाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. “ठाऊक होतं? आणि माझा बाप जन्मभर मान खाली घालून...”

“त्याची माफी वर गेल्यावर मागीन, पोरी.” ऑर्व्हिलनं सुरी खाली ठेवली. “माझ्या वडिलांनी डूगल्डला याच टेबलावर जेवायला वाढलं. आमचा सिरिल कसा आहे, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, येतोय मागून. सुगी संपायच्या आत पोचेल.”

“मग?”

“पोचला.”

माडीवरची फळी करकरली.

“सिरिल तिकडे पडल्याची तार दुसऱ्या दिवशी आली,” ऑर्व्हिल आवाज खाली आणून म्हणाला. “डूगल्डला गावानं पाहिलं होतं. पळून आला म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत. सिरिलला आम्ही कोणाच्या नजरेला पडू दिला नाही.”

ऑर्व्हिलनं तिच्या हातातला संमतीचा कागद ओढून घेतला, त्यावर सही केली आणि परत दिला.

“कोर खुशाल. नाव कोरल्यानं काही फरक पडत नाही. सिरिलचं कोरलेलंच आहे, तरी सुगीला येतोच.”

तिला हवं होतं ते मिळालं होतं. तिनं कागद छातीशी धरला. ती ओसरीवर आली.

बाकाखाली जुन्या लष्करी बुटांचे दोन जोड होते.

तळव्यांना ओली माती होती. पांढरी, खडूसारखी. इथली माती काळी.

“विल्डा,” आतून ऑर्व्हिल म्हणाला, “दार हळू लावून घे. पोरं रात्रभर रानात होती. आत्ता कुठं पडलीत.”

तिनं दार हळूच लावलं.