मांडीवर दिलेलं मूल

आम्ही समुद्रावर निघालो होतो, एवढंच. दुसरं काही कामच नव्हतं त्या दिवशी.

मी आणि नासिमियू. किसुमूच्या एकाच शाळेत शिकवतो आम्ही. सुट्टी लागली की पाठीवर एकेक पिशवी टाकायची आणि सगळ्यात स्वस्त बस जिथे नेईल तिथे जायचं, ही आमची जुनी खोड. त्या खेपेला दार-एस-सलामला आलो होतो. खोली अशी, की खिडकी उघडली की समोरच्या भिंतीला हात लागावा. टॅक्सीचं नाव काढायचं नाही, सगळं शहर दालादालानं पालथं घालायचं. दालादाला म्हणजे तिथली भाड्याची मिनीबस, आमच्याकडच्या मटाटूची धाकटी बहीण. तशीच छोटी, तशीच खच्चून भरलेली, फक्त गाणी जरा कमी मोठ्यानं लावलेली.

भर दुपार होती. म्वेंगेला गाडी बदलली. मी दारात उभ्या कंडक्टरला विचारलं, "समुद्रावर जाते का ही?"

तो हसायलाच लागला. "केनियाच्या ना तुम्ही? पत्ता विचारताय की दम देताय, ताई? आधी 'कसं काय' तरी म्हणा!"

गाडीतली माणसं खदखदून हसली. नासिमियूनं मला कोपरानं ढोसलं. "अकोथ, अगं इथं गोड बोलावं लागतं." मग तिनं त्याची, त्याच्या आईची, घरच्यांची सगळ्यांची खुशाली विचारली, तेव्हा त्यानं आम्हाला जागा दिली. शोमारी त्याचं नाव. हातातली नाणी सारखी खुळखुळवत होता.

"शेवटच्या थांब्यापर्यंत बसा. तिथून समुद्र दोन हाकांवर," तो म्हणाला.

गाडी भरत गेली. उभ्या माणसानं आपलं ओझं बसलेल्याच्या मांडीवर ठेवायचं, ही तिथली रीत. कुणी विचारत नाही आणि कुणी नाही म्हणत नाही. माझ्या मांडीवर कुणाची तरी कसाव्याच्या कंदांनी भरलेली पिशवी होती. तेवढ्यात गर्दीतून एक बाई नासिमियूवर वाकली.

"जरा धरा हो ताई. उतरताना घेते."

आणि तिनं मूल नासिमियूच्या मांडीवर ठेवलं. डोक्यापासून पायापर्यंत कांग्याच्या कापडात गुंडाळलेलं. मला त्या बाईचा फक्त हात दिसला, कोपरापर्यंत ओला. उकाड्यात सगळेच घामानं भिजलेले, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही.

"झोपलंय," नासिमियू म्हणाली, आणि तिनं कापडाची कड नीट केली.

थोड्या वेळानं वास यायला लागला. ओहोटीला पाणी मागे गेलं की चिखल उघडा पडतो ना, तसा. मला वाटलं, समुद्र जवळ आला. पण बाहेर अजून गॅरेजं, टपऱ्या आणि सिमेंटच्या विटांचे ढीगच चालले होते.

हळूहळू माणसं उतरत गेली. कसाव्याच्या मालकिणीनं पिशवी उचलली, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि तीही गेली. आता उभं कुणीच नव्हतं. मी मागे पाहिलं, पुढे पाहिलं.

"शोमारी, ती बाई कुठे उतरली? मूल राहिलंय तिचं."

"कुठली बाई?" तो वळला. त्याची नजर नासिमियूच्या मांडीवर गेली आणि हातातली नाणी थांबली.

एवढा वेळ तो आवाज कानात होता हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. शोमारी तिला बीबी म्वनाशा म्हणत होता. ती मागे न वळताच बोलली. "पोरी, त्याच्या तोंडावरचं कापड काढून पाहिलंस का?"

"नाही," नासिमियू म्हणाली.

"पाहू नकोस. आणि आपलं नाव, आपलं गाव, काही बोलू नका. आत्ता नाही, उतरल्यावरही नाही."

उरलेली दोन-चार माणसं पुढच्याच थांब्यावर उतरली. तो त्यांचा थांबा नसावा. उतरून ती तिथेच उन्हात उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून.

"जड झालंय गं..." नासिमियू हळूच म्हणाली.

"दे माझ्याकडे."

"नको. उठेल ते."

तिच्या आवाजानंच मी घाबरले. आदल्या वर्षी तिचं बाळ जन्मलं, पण रडलं नाही. घरच्या बायकांनी ते तसंच गुंडाळून नेलं, तिला मांडीवरही घेऊ दिलं नाही. तेव्हापासून तिनं त्याचा एकदाही विषय काढला नव्हता. आणि आता ती डुलत होती... मागेपुढे, गाडीच्या हेलकाव्यांच्या उलट.

डांबरी रस्ता संपला तिथे गाडी थांबली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि काही न बोलता उडी मारून दूर गेला. शोमारी आणि म्हातारीही उतरली. नारळांच्या पलीकडून लाटांचा आवाज येत होता. एवढं लख्ख ऊन, आणि एकही पक्षी ओरडत नव्हता.

"चल," मी म्हटलं.

"पाय... पाय कुठे गेले तेच कळत नाहीये."

मी खाली पाहिलं. कांग्यातून पाणी ठिबकत होतं. गाडी चढावर उभी होती, जमीन मागच्या बाजूला उतरती. तरी ते पाणी पुढे, दाराकडे वाहत होतं... सरळ, एका रेषेत.

"तू तरी उतर!" नारळाखालून म्हातारी ओरडली. "तिला सोड आणि उतर पोरी!"

"सोडून कशी येऊ? माझी मैत्रीण आहे ती!"

मला संताप आला होता. त्या संतापानंच बळ दिलं असावं. मी डोळे मिटले आणि ते गाठोडं दोन्ही हातांनी उचललं. नासिमियूची नखं माझ्या दंडात रुतली. "नको गं... तेव्हाही दिलं नव्हतं त्यांनी मला..."

जड कुठलं? अगदी हलकं होतं ते. आणि थंड. गळ्याजवळ माझा सदरा चिमुकल्या बोटांनी घट्ट धरला होता. मी चाचपडत पायऱ्या उतरले. डोळे उघडले तेव्हा ती बाई समोर उभी होती, हात पसरून. अंगावर तसाच कांगा. चेहरा साधाच, दमलेला, कुठल्याही बाजारात भेटावा असा.

तिनं मूल घेतलं. बोटं एकेक करून सुटली.

"आभारी आहे हो," ती म्हणाली. किनाऱ्याकडची ती गोड बोली. "फार जपून धरलंत. कुठल्या तुम्ही?"

मी ओठ दाताखाली घट्ट दाबले. मान खाली घातली.

मागून, गाडीच्या खिडकीतून, नासिमियूचा आवाज आला. स्पष्ट आणि शांत.

"किसुमू."

"लांब आहे," बाई म्हणाली. माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघत. "पण बस जाते ना?"

"जाते," नासिमियू म्हणाली.

बाई नारळांमधून निघून गेली. म्हातारीनं तोंडावर पदर धरला होता. मी कितीदा हाक मारली, पण ती आमच्याकडे बघेना.

परतीच्या गाडीत आम्ही दोघीच होतो. शोमारीनं नाणी खिशात टाकली होती. नासिमियूच्या पायांत जीव आला, ती चालायला लागली, खोलीवर येऊन पोटभर जेवलीही. मी तिला एकदाच विचारलं, का सांगितलंस म्हणून. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू वेडी मीच.

"तिनं विचारलं ना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी समुद्र न बघताच आम्ही घरचा रस्ता धरला.

यानंतर बरेच महिने काही झालं नाही. शाळा सुरू झाली, पाऊस येऊन गेला. मला वाटायला लागलं, उन्हानं डोकं फिरलं होतं आमचं.

गेल्या आठवड्यात किसुमूच्या बसस्थानकात मला ओकुमू भेटला. लांबच्या गाड्यांसाठी गिऱ्हाईकं गोळा करतो तो. आम्ही नेहमी त्याच्याकडूनच जागा घेतो.

"बाई, दार-एस-सलामच्या गाडीतून एकजण उतरली होती. तुमच्या मैत्रिणीचं घर विचारत होती. काय गोड बोलायची! ऐकतच राहावं."

"कडेवर... मूल होतं?"

"छे, हात रिकामे. पण पोराचे कपडे वाळत घालायला दोरी कुठे मिळेल म्हणाली, म्हणून मीही विचारलं, मूल कुठाय? तर हसली. म्हणाली, ते आधीच पोचलंय."

नासिमियूला हे मी सांगितलेलं नाही. आठवडाभर ती शाळेतही आलेली नाही. बरं नाही म्हणते. घरी येऊ का विचारलं, तर नको म्हणते. फोन मात्र उचलते. छान बोलते, पूर्वीसारखी, फक्त अगदी हळू. काल बोलता बोलता मी जरा मोठ्यानं हसले, तर पलीकडून घाईघाईनं कुजबुजली,

"हळू गं... आत्ता कुठे डोळा लागलाय."

कुणाचा, ते मी विचारलं नाही.