फळ्यावरची शेवटची ओळ

"बाबा, ती ओळ का पुसताय?" बाएल ओरडला.

अंगणातल्या फळ्यावर घरी उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी यादी असे. सकाळी गरम पाण्याची कुंडं, दुपारी घोड्यावरून रपेट, बाजारात थंडगार तिखट शेवया, आणि सगळ्यात खाली 'आमच्या घरचा कुमिस', म्हणजे घोडीचं दूध आंबवून केलेलं पेय. ती शेवटची ओळ बाबांनी ओल्या फडक्याने पुसून टाकली होती.

"यंदा कुमिस नाही. रविवारी दोन्ही घोड्या बाजारात नेतोय."

"विकायला? शिंगरांसकट?"

"कुमिसची कातडी पखाल हरवली. तिच्यात आईचं विरजण होतं. दुसऱ्या घरचं विरजण मी इथे घालणार नाही."

एवढं बोलून ते चादरी वाळत घालायला गेले. हिवाळ्यात आई गेल्यापासून ते असंच बोलत. पोस्टात पत्ता सांगावा तसं.

बाएलची बहीण नुरिझा पुसलेल्या फळ्याकडे बघत होती. ती बारा वर्षांची होती. आपल्याला वाईट वाटायला हवं, हे तिला कळत होतं. पण आत काही हललं नाही.

"शेवया आल्या!" फाटकातून मन्सूर आला. त्याच्या आईची काराकोलच्या बाजारात शेवयांची गाडी होती. "पाहुण्यांना मोजून द्या. बाएलला आधी बांधून ठेवा!"

"तुझ्या शेवया मी फुकटसुद्धा खात नाही!"

"काल दोन वाडगे कुणी चाटले?"

"चव बघत होतो!"

"गप्प बसा," नुरिझा म्हणाली. "पखाल शोधायची आहे."

तिघं कोठीत गेली. खुंटीमागची भिंत धुराने काळी झाली होती. आई पखालीला दर आठवड्याला धुरी द्यायची, त्याचा तो डाग. शेजारच्या खुंटीवर आईचे कोट असायचे. तीही खुंटी रिकामी होती.

"कोट कुठे गेले?" मन्सूरने विचारलं.

"चाळिसाव्या दिवशी वाटले." आईला शेवटची अंघोळ घातलेल्या पाच जणींना तिचे कपडे द्यायची रीत होती. "गाठोडी बाबांनीच बांधली. तेव्हा ते बघत कुठे होते आणि बांधत काय होते..."

"म्हणजे पखाल कोटांबरोबर गेली!" बाएलने उडीच मारली. "चला, मागून आणू!"

"वेडा आहेस का? मेलेल्या माणसाच्या मागून दिलेलं परत मागतात का?"

मन्सूरने कपाळावर हात मारला. "अगं, काल मी बुरुल एजेंच्या जावयाकडे शेवया द्यायला गेलो होतो. तो नवा चहावाला, तालान्त! त्याच्या टेबलावर एक जुनी काळी पखाल होती. भिंतीवर टांगणार म्हणे. पाहुणे फोटो काढतील!"

बुरुल एजे, म्हणजे बुरुलताई, त्या पाच जणींपैकी एक होत्या.

तिघं धावतच तिथे पोचली. पखाल टेबलावरच होती. तळाशी निळ्या दोऱ्याने शिवलेलं ठिगळ होतं. शिंगराने लाथ मारली तेव्हा आईने ते लावलं होतं.

"हात लावू नका रे!" तालान्त म्हणाला. त्याच्या हातात वार्निशचा डबा होता. "आता हिला अशी चकचकीत करतो की बघत राहाल!"

वार्निश! मग आतलं सगळंच मेलं. नुरिझाने पखालीत नाक घातलं. तळाशी वाळलेली साय कातड्याला चिकटून होती, तेच आईचं विरजण.

"धुरी न देताच वार्निश?" ती शांतपणे म्हणाली. "लावा. मग उन्हाने कातडं घामेजेल. आठवडाभर दुकानात मेलेल्या मेंढीचा वास."

"फोटोत वास येत नाही, दादा," मन्सूर गंभीरपणे म्हणाला. "फक्त गिऱ्हाइकं येत नाहीत."

तालान्तने डबा खाली ठेवला. "मग द्या ना धुरी! तुम्हाला येते?"

"येते. उद्या संध्याकाळी परत आणून देतो."

"नक्की?"

"नक्की."

घरी आल्यावर नुरिझाने टेकडीवरच्या झुडपाच्या लाल काटक्या पेटवल्या आणि पखालीला धुरी दिली. मग तिघं घोड्यांकडे गेली. बाएलने शिंगरू घोडीजवळ धरलं. घोडीने पान्हा सोडताच नुरिझा एका गुडघ्यावर बसली आणि धार काढू लागली.

"मी काय करू?" मन्सूरने विचारलं.

"लाथ खाऊ नकोस."

"तेवढं जमेल!"

दूध पखालीत गेलं. दर थोड्या वेळाने पुन्हा धार, पुन्हा दूध. आळीपाळीने तिघं रवीने घुसळत राहिली. मन्सूरच्या हाताला फोड आला आणि त्याने तो सगळ्या पाहुण्यांना दाखवला. बाबा दोनदा अंगणातून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पखालीला कान लावला तर आत बारीक सळसळ होती. नुरिझाने घोट घेतला. आंबट, धुरकट, आणि गिळल्यावर मागून येणारी किंचित गोडी. तीच!

अर्धा कुमिस तिने लाकडी पिंपात काढून ठेवला. विरजण आता घरी होतं. उरलेल्यासकट पखाल त्यांनी तालान्तला नेऊन दिली. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं.

दुकानात बुरुल एजे बसल्या होत्या. एक घोट घेतला आणि त्या ताडकन उठल्या.

"ही तर तिची! कोटात गुंडाळलेली, मला वाटलं जुनं कातडं! आणि तू मूर्खा, वार्निश लावत होतास?"

तालान्तने डबा पायाने टेबलाखाली सरकवला.

"घेऊन जा गं बाई!" एजे नुरिझाला म्हणाल्या.

"दिलेलं परत घेत नाहीत, एजे. फक्त टांगू नका. वापरा."

बुरुल एजेंनी तिचं डोकं जवळ ओढून मायेने हुंगलं. "हातही तिचेच आहेत गं तुझे," त्या म्हणाल्या. मग मन्सूरला आणि बाएललाही तसंच हुंगलं. मन्सूर लाल झाला.

घरी बाबांसमोर नुरिझाने वाडगा ठेवला. ते प्यायले. रिकामा वाडगा नाकाशी नेऊन हुंगला.

"विरजण कुठे मिळालं?"

"तुम्ही बांधलेल्या गाठोड्यात."

ते उठले, फळ्यापाशी गेले आणि खडू उचलून शेवटची ओळ पुन्हा लिहिली. त्यांचं अक्षर वाकडं होतं. यादी नेहमी आईच लिहायची.

"पोरांनो, शाबास," फळ्याकडे तोंड करून ते म्हणाले. "चारला घोड्या दोहायला चला. शिंगरू मी धरतो."

आता रडू येईल असं नुरिझाला वाटलं. आलं नाही. तिने वाडगा पुन्हा भरला आणि या वेळी स्वतः प्यायली.