सोन्याची अकरा लेकरं

"बकारामची जोडी बाद!"

पटाचे पंच केशोरावबाबा एवढंच बोलले आणि चंचीत कात शोधू लागले. चावडीपुढच्या गर्दीत उभ्या असलेल्या तेरा वर्षांच्या रुख्माच्या मुठीत एक पिकलेलं बोर फुटलं.

"काऊन बाद?" ती ओरडली.

"बैलाचा बाप कोण, ते मालकानं सांगावं लागते, बाई. तुझ्या बाबूजीले माहीत नाही. बिनबापाचा बैल पहिल्या गटात कसा पळवायचा?"

रुख्माचे वडील बकाराम खाली मान घालून उभे होते. गर्दीत खरं बोलणारा माणूस असाच दिसतो.

चिचटोल्यात दर हिवाळ्यात धान कापून झालं की शंकरपट भरे. दोन हलके छकडे, प्रत्येकाला एक बैलजोडी, शेजारी शेजारी दोन धावपट्ट्या आणि झेंडी पडली की जीव खाऊन पळायचं. शाळेला नाताळची सुट्टी असायची. नाताळ म्हणजे काय हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. सुट्टी मात्र सगळ्यांना मान्य होती.

पण १९५६ च्या डिसेंबरात एक नवीनच भानगड झाली. गावातल्या पोवारांचे पूर्वज माळव्यातून आलेले. त्यांच्या वंशावळी राखणारे भाटबाबा काही वर्षांनी एकदा येत, घराघरांत जन्मलेल्या मुलांची नावं लांबलचक पोथीत लिहून घेत आणि धान नि धोतर घेऊन जात. या वेळी कुंजीलाल पाटलांनी त्यांना आपल्या राजा बैलाची वंशावळ लिहायला लावली. राजाचा बाप सोन्या! पंचक्रोशीतले सगळे पट मारणारा, कुंजीलालांच्याच गोठ्यातला नामी सांड!

झालं! शेजाऱ्यांच्या पोटात दुखायला लागलं. स्वतःच्या पणजोबाचं नाव ज्यांना आठवत नव्हतं, त्यांना बैलाच्या पणजोबाचं नाव आठवू लागलं. दोन दिवसांत सगळे बैल घराणेदार झाले आणि पंचांनी नियम काढला: जोडीतल्या मुख्य बैलाचं नाव पोथीत असेल तीच जोडी पहिल्या गटात. मानाचा फेटा फक्त पहिल्या गटाला होता. बकारामांनी वर्षभर चांद्या नावाच्या बैलाला जपलं होतं, स्वतः ताक पिऊन त्याला दूध पाजलं होतं. भाटबाबांनी विचारलं, "याचा बाप?" बकाराम म्हणाले, "गाय कळपात जाते, महाराज. मले काय माहीत?"

"बाबूजी खोटं बोलले असते तर काय झालं असतं!" रुख्मा चरफडली. ती, तिचा दहा वर्षांचा भाऊ खुशाल आणि गोंदियाहून सुट्टीला आलेला आतेभाऊ श्यामलाल असे तिघं धानाच्या तणसाच्या ढिगाआड बसले होते.

"अरे यार, उद्या पक्की यादी होणार ना?" श्यामलाल म्हणाला. गोंदियात राहिल्याने त्याचं अर्धं बोलणं हिंदीत असे आणि उरलेलं अर्धं फुशारकीत. "मतलब अजून एक दिवस आहे."

"एक दिवसात बाप कुठून आणायचा बे?"

खुशाल बोटं मोजत होता. त्याला काहीही मोजायची खोड होती. "ताई, मी पोथी ऐकून राहिलो होतो. पहिल्या गटात बैल अकरा आहेत. अन् अकराचाही बाप सोन्याच!"

"अकराही?"

"अकराही! कोणाले दुसरा बाप पसंतच नाही!"

"मग तो राजाही खोटाच असेल!" रुख्माचे डोळे चमकले. बाकीचे दहा बैल तिच्या खिजगणतीत नव्हते. राजा कुंजीलाल पाटलांचा, आणि पाटलांची मुलगी तुलसा म्हणजे वर्गात कायम पहिली! रुख्मा कायम दुसरी. पाटलांकडे टांगा, पाटलांकडे रेडिओ, आणि आता पाटलांच्या बैलाला सुद्धा खानदान! रुख्माला रात्री झोप लागत नव्हती आणि त्याचं खापर ती डासांवर फोडत होती.

"मले बी तसंच वाटते," तणसामागून आवाज आला.

तिघं दचकले. तुलसा उभी होती! केसांत तणसाच्या काड्या.

"तू चोरून ऐकून राहिली?" रुख्मा उसळली.

"तुम्ही ओरडून बोलून राहिले. सगळं गाव ऐकून राहिलं."

"पण राजा तुझ्याच घरचा ना? तुले कायले पंचाईत?"

तुलसाने ओठ चावला. "भाटबाबानं आमच्या घरी काल पोथी वाचली. आजाचं नाव, बाबूजीचं नाव, दादाचं नाव. मग राजाचं नाव! मी पहिला नंबर काढते, तरी माझं नाव नाही. म्हणे पोरीचं लिहीत नाहीत. बैलाचं लिहिते, माझं नाही!"

आपलंही नाव पोथीत नाही हे रुख्माच्या आत्ताच लक्षात आलं. तुलसाबद्दल तिला पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. पण फार नाही.

"बापाचं कोणाले माहीत नसते," तुलसा पुढे म्हणाली. "पण गावचा कळप कोण चारते? नंदामाय! तिले विचारू ना."

ही युक्ती आपल्याला सुचायला हवी होती असं वाटून रुख्माला पुन्हा राग आला. तशीच रागात ती सगळ्यांच्या पुढे चालू लागली.

नंदाबाई बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर काठी टेकून बसली होती. गुरं पाणी पीत होती. नवरा गेल्यावर सगळ्या गावाचा कळप तीच चारायची. गावाने तिला कधी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे तिच्याकडे सांगायला भरपूर होतं.

"सोन्याची लेकरं?" ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "अकरा? अवं, त्याले वाघानं खाऊन पाच वर्षं झाली! नागझिऱ्याच्या जंगलाच्या अंगाले चरायले गेला अन् तिकडंच राहिला. पहिल्या मतदानाच्या वेळेस."

"हो!" तुलसा म्हणाली. "बाबूजी दरवर्षी सांगतात. मतदानाच्या आठ दिवस आधी."

"अन् राजा झाला कधी?" खुशालने विचारलं.

"त्याचे दात पाहा ना. सहाच आहेत, म्हणजे चार वर्षांचा बी नाही. मतदानानंतर दीड-दोन वर्षांनी झाला असेल."

खुशालची बोटं भराभर हलली. "गाय नऊ महिने पोटात ठेवते. म्हणजे... म्हणजे राजाचा बाप आधी वाघाच्या पोटात गेला अन् मग वर्षभरानं राजा आईच्या पोटात आला!"

श्यामलाल तणसासारखा आडवा पडून हसू लागला. रुख्मा मात्र हसली नाही. "मग खरा बाप कोण, नंदामाय?"

"सोन्या गेल्यावर दोन-तीन वर्षं कळपात सांड एकच होता. ह्या अकराचा बाप तोच. अन् तुमच्या चांद्याचा बी." तिने काठी गावाकडे रोखली. "तुमच्याच अंगणात बसला आहे. डोंगऱ्या!"

डोंगऱ्या! बकारामांचा तो म्हातारा, राखाडी, एक शिंग वाकडं असलेला सांड! तो पटावर एकदाच उतरला होता आणि अर्ध्या वाटेत खाली बसून रवंथ करू लागला होता. गावाने त्याला तेव्हापासून कायमचं मोडीत काढलं होतं.

परतताना रुख्माच्या मनात लाह्या फुटत होत्या. पण त्यातच एक खडाही होता. सगळं सांगितलं तर चांद्या यादीत येणार. पण राजाही राहणारच, कारण दोघांचा बाप एकच! फक्त दात दाखवले आणि गप्प राहिलं तर? राजा बाद! तुलसाचा बैल बाद!

"उद्या चावडीवर मी बोलणार," ती म्हणाली.

"पोरांचं कोण ऐकते?" श्यामलाल म्हणाला. "बडे लोग आहेत."

"आपण सांगायचंच नाही," तुलसा म्हणाली. "त्यांच्याच तोंडून बोलवायचं. माझ्या बाबूजीले वाघाची गोष्ट सांगायले फार आवडते."

सकाळी चावडी भरली. भाटबाबांनी पोथी उघडली. पंच बसले, हुक्का फिरला. तेवढ्यात तुलसा अगदी गरीब चेहरा करून म्हणाली, "बाबूजी, ह्या श्यामलालले सोन्याची गोष्ट सांगा ना. गोंदियाची पोरं म्हणतात, सोन्या म्हातारा होऊन मेला."

"म्हातारा होऊन?" कुंजीलाल पाटील ताडकन उठले. "वाघाशी लढून मेला तो! मतदानाच्या आठ दिवस आधी! मी सोता हाडं गोळा केली! तीन दिवस जेवलो नाही!"

"नक्की पहिल्याच मतदानाच्या?" श्यामलालने डोळे मोठे केले.

"मग का दुसऱ्याच्या? ते तर अजून व्हायचं आहे! गंगेच्या पाण्यात उभा राहून सांगतो!"

"धन्य आहे," रुख्मा म्हणाली. "केशोरावबाबा, तुमच्यासारखा दाताचा पारखी तालुक्यात नाही म्हणतात. खरं आहे का?"

केशोरावबाबांनी चंची खाली ठेवली. "कोण म्हणते नाही?"

"मग राजा किती वर्षांचा, सांगा पाहू!"

राजाला समोर आणलं. बाबांनी नाक धरून त्याचा जबडा उघडला, आत पाहिलं आणि ऐटीत जाहीर केलं, "सहा दाती! साडेतीनचा. चारच्या तर आतच!"

"अन् मतदानाले किती झाले?" खुशालने हळूच विचारलं.

"पाच वर..." बाबा थांबले.

पाटलांचं तोंड राजासारखंच उघडं राहिलं. भाटबाबांनी पोथीत नाक खुपसलं, जणू उत्तर तिथे बारीक अक्षरात लिहिलं असावं.

"म्हणजे..." कोणीतरी म्हणालं, "राजाही बिनबापाचा?"

रुख्मा गप्प उभी राहिली. तो क्षण तिला फार गोड लागला. पाटलांची मान खाली, तीही सगळ्या गावापुढे! आता काही बोललंच नाही तर?

मग तिचं लक्ष तुलसाकडे गेलं. तुलसा वडिलांकडे बघत होती आणि तिची हनुवटी थरथरत होती. हा सापळा तिनेच लावला होता, तरीही. कोपऱ्यात बकाराम उभे होते. काल त्यांची मान होती तशीच आज पाटलांची होती.

"बिनबापाचा नाही!" रुख्मा ओरडली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "नंदामाय, सांग ना यांना!"

गर्दीच्या कडेला काठी टेकून उभ्या असलेल्या नंदाबाईने सांगितलं. कुठली गाय, कुठलं वासरू, कुठल्या साली. एकेका घराचं सगळं तोंडपाठ. कोणालाही तिला खोटं पाडता येईना. एकेक मालक मान हलवू लागला, पण हळूहळू, शेजारी हलवतो की नाही ते बघून.

"डोंगऱ्या?" पाटील पुटपुटले. "तो बसका?"

पंचांनी बराच वेळ खल केला. नियम काही त्यांनी मोडला नाही. पंच नियम मोडत नसतात. फक्त भाटबाबांनी बोरू घेतला, अकरा ठिकाणी सोन्याचं नाव खोडलं आणि अकरा ठिकाणी डोंगऱ्याचं लिहिलं. मग बाराव्या ओळीत चांद्या आला.

पट रंगला! बारा जोड्यांतून शेवटी उरल्या दोनच, पाटलांच्या राजाची आणि बकारामांच्या चांद्याची. झेंडी पडली! धुरळा उठला! "चांद्या! चांद्या!" रुख्मा घसा फोडून ओरडत होती. "राजा! राजा!" तुलसा तिच्याच कानात ओरडत होती. दोन्ही छकडे रेषेवर एकदमच आले असं वाटलं.

"राजा! एका शिंगानं!" केशोरावबाबांनी हात वर केला.

रुख्मा मटकन खाली बसली. पण बकाराम हसत चांद्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. पहिल्या गटात पळाला होता त्यांचा बैल, सगळ्या गावासमोर. वर्षभर तेवढंच तर मागितलं होतं त्यांनी.

फेटा बांधताना जिंकणाऱ्याची वंशावळ वाचायची, असंही पंचांनी याच वर्षी ठरवून ठेवलं होतं. भाटबाबांनी घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "राजा! बाप डोंगऱ्या! घर बकारामचं!"

लोकांनी एकच गिल्ला केला. फेटा पाटलांच्या डोक्यावर आणि टाळ्या बकारामांना! जिंकून इतका आंबट चेहरा केलेला माणूस त्या पटावर आजवर कोणी पाहिला नव्हता.

केशोरावबाबांनी चारही मुलांना पुढे बोलावलं. "आम्ही पंच म्हणवतो," ते म्हणाले, "पण मोजलं ह्या पोरानं, विचारलं ह्या पोरींनी. अन् रुख्मा, तू गप्प राहू शकत होती. राहिली नाही. शाबास, माय!" रुख्माच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तुलसाने तिला कोपर मारलं. "शाबासकी तुले एकटीलेच काऊन?" ती कुजबुजली, आणि ती खरंच चिडली होती.

संध्याकाळी सगळे बकारामांच्या अंगणात आले. डोंगऱ्या तणीस चघळत बसला होता. त्याला कशाचीच खबर नव्हती. कुंजीलाल पाटील त्याच्याभोवती दोनदा फिरले, वाकड्या शिंगाला हात लावून पाहिला, खाकरले आणि शेवटी न राहवून म्हणाले, "बकाराम, मांग काय मांगायचं ते. हा मले देऊन टाक."

बकारामांनी मूठभर तणीस डोंगऱ्यापुढे सरकवलं.

"बाप कोणी विकते का, कुंजीलालभाऊ?"