अडतीस नंबरचं रक्त

दोन्ही करायचंय म्हणतेस ना? सकाळी वॉर्डात पेशंट, दुपारनंतर लॅबमध्ये संशोधन? कर की. मी कोण अडवणार? पण झोपायच्या आधी एक ऐकून घे. आणि तूही रे, तो मोबाईल ठेव खाली.

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्यांच्यावर बेतली त्यांच्या लॅबमध्ये मी एकवीस वर्षं टेक्निशियन होतो. डॉक्टर माणूस लाखात एक. पण दोन्ही डगरींवर हात. जेवायची शुद्ध नाही, झोपेचा पत्ता नाही. त्यांची बायको मला म्हणायची, "भाऊजी, सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. तुमच्या त्या उंदरांचं मी काय करू?"

तेव्हा कमजोर हृदयावरच्या एका नव्या औषधाचा अभ्यास चालू होता. साठ पेशंट, वर्षभर औषध, दर दोन महिन्यांनी रक्त तपासायचं. त्यातला अडतीस नंबर म्हणजे एक रिटायर्ड शिक्षक. आम्ही मास्तरच म्हणायचो. वेळेच्या आधी बाकावर येऊन बसायचे आणि म्हणायचे, "लावा हजेरी."

शेवटच्या तपासणीला मास्तर आलेच नाहीत.

गुरुवार होता, अकरा नोव्हेंबर. एकोणसाठ जणांचं रक्त आलं होतं. शुक्रवारी सकाळी दहाच्या आत सगळे आकडे पाठवायचे होते, आणि त्यावर डॉक्टरांची कायमची जागा ठरणार होती. अर्धा दिवस वॉर्ड, अर्धा दिवस स्वतःची लॅब. बारा वर्षं त्या जागेसाठी रक्त आटवलं होतं त्यांनी. दिवसभर मास्तरांना फोन लावला. कुणी उचलेना.

रात्री साडेआठला मला म्हणाले, "तुम्ही मशीन चालू ठेवा. मी जाऊन घेऊन येतो. तासाभराचं तर काम."

सुया-नळ्यांचा डबा घेतला आणि निघाले.

मास्तरांचं घर गावाबाहेर, रस्ता संपतो तिथे. शेवटच्या दोन किलोमीटरात दिवे नाहीत. डॉक्टर पोहोचले तेव्हा गाडीतल्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. दार अर्धं उघडं. आत पिवळा दिवा.

"मास्तर?"

"या. तुमचीच वाट बघत होतो."

मास्तर खुर्चीत बसले होते. दिवा पाठीमागे, त्यामुळे चेहरा अंधारात. डाव्या हाताची बाही आधीच वर केलेली.

डॉक्टर समोर स्टुलावर बसले. डबा उघडला. "फोन का उचलला नाहीत हो? जीव टांगणीला लागला माझा."

"तुमचा?" मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. हात गार होता. नोव्हेंबर आहे, म्हातारं माणूस आहे, असं मनात म्हणाले. शीर सापडेना. दोनदा चाचपली. सुई घातली.

रक्त येईना.

"मंगळवारी फोन केला होता मी तुम्हाला," मास्तर म्हणाले. "दम लागतोय म्हटलं. पाय सुजलेत म्हटलं."

डॉक्टरांना आठवलं. लॅबमध्ये हातात काम होतं. खांद्यावर फोन धरून ते म्हणाले होते, "गुरुवारी येताच आहात ना? तेव्हा बघू."

"हो... मास्तर, ते..."

"आज कोण आलंय? डॉक्टर, की अभ्यासवाले?"

डॉक्टरांनी सुई किंचित आत सरकवली.

नळीत रक्त यायला लागलं. काळपट. संथ. थेंब... थेंब. डॉक्टरांची नजर नळीवरच. भरली. सुई काढली, कापूस दाबला, वर चिकटपट्टी लावली. झालं. साठ पूर्ण.

"आल्यापासून," मास्तर म्हणाले, "माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत."

डॉक्टरांनी मान वर केली.

मास्तरांच्या हनुवटीखालून डोक्यापर्यंत पांढरी पट्टी बांधलेली होती, मेलेल्या माणसाला बांधतात तशी. घट्ट. जबडा मिटलेला. ओठ मिटलेले.

मग बोलत कोण होतं?

डॉक्टर उठले. स्टूल पडलं. पळाले... डबा नाही, चप्पल नाही. गाडीत बसले. किल्ली लागेना. तीनदा पडली. चौथ्यांदा लागली.

अर्ध्या रस्त्यात समोरून दिवे आले. अॅम्ब्युलन्स. रस्ता अरुंद, दोन्ही गाड्या थांबल्या. आतून मास्तरांची मुलगी उतरली.

"डॉक्टर? तुम्हाला कुणी कळवलं?"

"काय?"

"बाबा गेले. दुपारी पावणेचारला. सकाळी दम फारच वाढला म्हणून जवळच्या हॉस्पिटलात नेलं होतं." ती रडत नव्हती. रडून झालं होतं. "मंगळवारपासून मी म्हणत होते, दवाखान्यात जाऊ. ऐकलं नाही त्यांनी. म्हणाले, गुरुवारी आपले डॉक्टर बघणार आहेत ना..."

डॉक्टरांनी गाडी बाजूला घेऊन अॅम्ब्युलन्सला वाट दिली. गाडी वळवून अॅम्ब्युलन्सच्या मागे परत गेले. घराला बाहेरून कुलूप होतं. किल्ली मुलीच्या पर्समध्ये. डबा आणि चपला पायरीवर. डबा बंद. सुईचं पाकीट न फाडलेलं. नळी कोरी.

डॉक्टरांनी श्वास सोडला. चार रात्री झोप नव्हती. डोक्याचा खेळ, दुसरं काय? दाराच्या आत आपण गेलोच नाही.

सकाळी सातला लॅबमध्ये येऊन त्यांनी मला हे सांगितलं. मशीन मी रात्रभर चालू ठेवलं होतं. मग त्यांनी अडतीस नंबरचा कागद काढला. 'मृत्यू' लिहिलं, आणि खाली मंगळवारच्या फोनची तारीख, वेळ आणि आपण काय उत्तर दिलं ते, शब्द न् शब्द. तसाच पाठवला. जागा दुसऱ्याला मिळाली. यांना मिळायला आणखी चार वर्षं गेली. मिळाली पण. आणि तेव्हापासून मी बघितलंय, लॅबमध्ये काहीही चालू असो, पेशंटचा फोन आला की हातातलं टाकून बसून बोलायचे.

एवढंच?

एवढंच असतं तर मी कशाला सांगत बसलो असतो...

त्याच रात्री, कुलूप काढल्यावर मास्तरांना आत आणून खाटेवर ठेवलं. हनुवटीला पट्टी होती, ती तर हॉस्पिटलवाल्यांनी बांधलेली. मुलीने चादर सारखी केली, आणि डावा हात बाहेर आला.

कोपराच्या खोबणीत कापूस. वर चिकटपट्टी.

"हे कुणी लावलं?" मुलगी म्हणाली. "सुया तर सगळ्या उजव्या हाताला होत्या."

डॉक्टर खाली वाकले. कापसावर लाल ठिपका होता. ताजा. बघता बघता हरभऱ्याएवढा झाला... मग रुपयाएवढा.

मेलेल्या माणसाचं रक्त वाहत नाही. सहा तासांनी तर नाहीच. त्यांच्याइतकं हे कुणाला माहीत? त्यांनी अंगठा ठेवला आणि दाबून धरला. घड्याळ लावून पाच मिनिटं.

मग उचलला.

थांबलं नव्हतं.