आईचा आवाज कुणी पुसला?

"माझ्या आईचा आवाज कुणीतरी पुसलाय," ती म्हणाली. "आणि कुणी ते मला माहीत आहे. दादानं."

वहिनींनी तिला बसायला खुर्ची दिली. सगळेच त्यांना वहिनी म्हणत. खरं नातं मात्र एकट्या भावोजींचं, त्यांच्या धाकट्या दिराचं. गुन्ह्यांचा छडा लावणं हा वहिनींचा व्यवसाय, आणि भलत्याच माणसावर संशय घेणं हा भावोजींचा.

आजारानं आईचे स्नायू निकामी होत चालले होते. बोलणं जाणार हे कळल्यावर वडिलांनी तिचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला. ते निवृत्त प्रोग्रामर. आई नजरेनं अक्षरं निवडायची आणि कम्प्युटर तिच्याच आवाजात बोलायचा. तो प्रोग्राम जुन्या सिस्टिमवरच चाले. म्हणून त्यांनी तो व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवला होता, म्हणजे कम्प्युटरच्या पोटात चालणाऱ्या दुसऱ्या कम्प्युटरमध्ये.

"बाबा सारखे स्नॅपशॉट घ्यायचे. त्या-त्या वेळची पूर्ण प्रत," मुलगी म्हणाली. "शेवटचा तर शाबूत आहे, तरी मशीन उघडत नाही. शनिवारी जेवून मी माझ्या घरी निघाले तेव्हा कम्प्युटरवर दादा बसला होता. संध्याकाळी बाबांचा फोन आला. उद्या मी पोलिसांत जाणार."

"आज आम्हाला तुमच्या आईकडे घेऊन चला," वहिनी म्हणाल्या.

दादा इमारतींचे नकाशे काढायचा, त्याच कम्प्युटरवर. "वैताग होता त्या मशीनचा, खोटं कशाला बोलू? नकाशा उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. पण शनिवारी दुपारी बसलो तर झपकन उघडला. डिस्कही बरीच मोकळी होती. म्हटलं, सुटलो एकदाचा."

भावोजींनी वहिनींकडे पाहून भुवया उंचावल्या. वहिनींनी पाहिलंच नाही.

आईची नर्स दारातच बोलली. "आंघोळ घालताना आम्ही ते मशीन बंद करतो. शनिवारी सकाळी बंद केलं ते केलंच. आंघोळीनंतर आईंना ग्लानी आली, संध्याकाळपर्यंत जाग नाही."

"सकाळी कम्प्युटरपाशी कोण होतं?"

"ताई. फोनमधले फोटो त्यात ठेवायचे होते, पण जागा नाही म्हणत होत्या."

वडील आईच्या खोलीबाहेर बसले होते. वहिनींनी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "फायली मीच काढल्या. चूक झाली. विषय संपवा."

"कुठल्या काढल्या?"

"जुन्या."

"चालतं तसं? स्नॅपशॉट म्हणजे प्रतच ना?"

"छे," त्यांच्यातला प्रोग्रामर जागा झाला. "स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क तिथेच गोठते. पुढचे बदल तेवढे नव्या फायलीत जातात. अशी साखळी लांबत गेली की एका शब्दासाठी मशीनला कडी न् कडी चाचपावी लागते. म्हणून ते रखडायचं. आणि जुनी एक जरी कडी निघाली, तरी पुढच्या सगळ्या निकामी. एखाददुसरा स्नॅपशॉट ठेवावा, बाकीचे मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामकडूनच विलीन करून घ्यावेत. पण तोवर मशीन बंद, म्हणजे ती मुकी राहिली असती. आज करू, उद्या करू म्हणत..."

"वेगळ्या डिस्कवर खरी प्रत?"

त्यांनी मान हलवली. नव्हती.

वहिनींनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं.

"शनिवारी दुपारी डिस्क आधीच मोकळी होती, म्हणजे फायली सकाळी गेल्या. ज्याला मशीन नको होतं, त्यानं ते सबंध काढलं असतं. इथे जुन्या फायली गेल्या, शेवटची जपून ठेवली. हा हात वैऱ्याचा नाही. शेवटच्या फायलीत सगळं आहे, असं मानणाऱ्याचा आहे."

"म्हणजे बाबांचा," भावोजी म्हणाले. "त्यांनी कबूलही केलंय."

"भावोजी, जुनी कडी काढली की पुढच्या सगळ्या निकामी होतात, हे ज्यानं आपल्याला समजावलं, तो ती हातानं काढेल? ते कुणाला तरी पाठीशी घालताहेत. स्नॅपशॉट म्हणजे पूर्ण प्रत, असं आपल्याला एकाच माणसानं सांगितलं. सकाळी कम्प्युटरपाशी जागा शोधत होतं तेही तेच माणूस."

मुलीचा चेहरा पांढरा पडत गेला. "आईला एकेका शब्दासाठी ताटकळावं लागत होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, जुनं ओझं काढलं की ती भरभर बोलेल."

दादानं मान फिरवली.

"तुम्ही मला सांगितलं का नाही, बाबा?"

"सांगून काय परत आलं असतं?"

तिनं वहिनींकडे पाहिलं. "परत येईल?"

"नाही. जागा मोकळी झाल्यापासून तिथे तुमच्या दादाचे नकाशे बसलेत. मी बोलले नसते, पण उद्या तुम्ही त्यांना पोलिसांत नेणार होतात."

"आईला माहीत आहे?"

"बिघाड झालाय, दुरुस्तीला दिलंय, असं सांगितलंय," वडील म्हणाले.

मुलगी उठून आत गेली. पलंगाशेजारी पारदर्शक अक्षरफळा उभा होता; आई ज्या अक्षराकडे पाही, ते समोरच्यानं ओळखायचं. आईनं तिच्याकडे पाहिलं आणि नजर फळ्यावर वळवली. वडील मागून आले. सवयीनं ते एकेक अक्षर मोठ्यानं वाचू लागले आणि मध्येच थांबले.

पण मुलीलाही तो फळा वाचता येत होता. आई विचारत होती, "आवाज झाला का दुरुस्त?"